विलंबित लयीचे उस्ताद : अमीर खाँ

गेल्या वर्षी युवक महोत्सवाच्या निवड फेरीत आमच्या वर्गातील एका मुलीच्या ख्यालगायनाला मी तबल्याची साथ केली. वेळ दहा मिनिटांचा होता. विलंबित एकतालाने सुरुवात करायची, सात मिनिटे तो चालवायचा आणि उरलेल्या तीन मिनिटांत द्रुत चीज म्हणून संपवायचे, असे आमचे ठरले होते. तालमीत सगळे नीट बसलेही होते. पण मंचावर गेल्यावर समोर परीक्षक, मागे कुजबुजणारी मुले आणि नेमके माझ्या डोळ्यांसमोर भिंतीवरचे घड्याळ! माझे हात आपोआप पळू लागले. ती बिचारी मुखडा घेऊन समेवर यायची, तो मी तिच्या आधीच तेथे जाऊन बसलेला. तिसऱ्या-चौथ्या आवर्तनापासून तिने आलाप सोडून दिला आणि माझ्या मागे धावणे पत्करले. सात मिनिटांचा ख्याल साडेचार मिनिटांत संपला. निवड झाली नाही, हे वेगळे सांगायला नको.

ती मला एका शब्दाने बोलली नाही, आणि त्याचेच मला अधिक वाईट वाटले. दोन दिवसांनी तिने मला एक ध्वनिमुद्रण ऐकायला दिले आणि एवढेच सांगितले, की गाणे मागाहून ऐक, आधी नुसता तबला ऐक. ते उस्ताद अमीर खाँ यांच्या मारवा रागाचे ध्वनिमुद्रण होते.

खरे सांगायचे तर पहिल्या वेळी मला ते गाणे कळले नाही. तबला इतका सावकाश वाजत होता, की दोन मात्रांच्या मध्ये तबलजी उठून पाणी पिऊन येत असावा असे वाटले. आमच्या घरी गाणे म्हणजे भजन. वडील गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात आणि माझा हात त्यांच्याच मांडीवर बसून तयार झाला. भजनात अभंग संथ सुरू होतो आणि हळूहळू चढत चढत गजरापर्यंत जातो. तेथे लय चढली नाही तर म्हातारी माणसे पखवाजवाल्याकडे रागाने पाहतात. असा माझा पिंड. तरीही त्या मुलीचे देणे लागत होतो म्हणून मी ते ध्वनिमुद्रण पुनःपुन्हा ऐकले, मग मोबाईलवरचे घड्याळ लावून मोजले. झूमरा तालाच्या चौदा मात्रांचे एक आवर्तन पूर्ण व्हायला पाऊण मिनिटाहून अधिक वेळ लागत होता. म्हणजे एक मात्रा तीन सेकंदांहून मोठी. आणि इतक्या वेळात ती लय इकडची तिकडे हलत नव्हती. हा गृहस्थ कोण, आणि त्याला ही लय कोठे सापडली, हे शोधावे असे तेव्हा मनात आले. पुढील मजकूर हा त्या शोधाचा आहे.

अमीर खाँ यांचा जन्म १५ ऑगस्ट १९१२ रोजी झाला. वडील शहामीर खाँ इंदूरच्या होळकर दरबारात नोकरीस होते. ते सारंगी वाजवत, वीणाही वाजवत. मुंबईच्या भेंडीबाजार घराण्याशी त्यांचा संबंध होता. त्या काळी गवयाच्या तुलनेत सारंगियाला मान कमी असे. गवई पुढे बसणार आणि सारंगिया बाजूला बसून त्याच्या गळ्यामागून जाणार. साथीदाराच्या घरात जन्मलेल्या मुलाने मुख्य आसनावर बसायचे म्हटले तर आधी लोकांच्या भुवया उंचावत. मी स्वतः साथीला बसणारा असल्यामुळे ही गोष्ट मला विशेष जवळची वाटली.

मुलगा नऊ वर्षांचा असताना आई वारली. धाकटा भाऊ बशीर. तो पुढे इंदूरच्या आकाशवाणी केंद्रात सारंगीवादक झाला. अमीरलाही वडिलांनी आधी सारंगीच शिकवायला घेतली होती, पण त्याचा ओढा गळ्याकडे आहे हे दिसल्यावर त्यांनी गाण्याची तालीम वाढवली. घरात मैफली होत. इंदूरला आलेला जवळजवळ प्रत्येक कलावंत शहामीर खाँ यांच्या घरी उतरे किंवा निदान येऊन जाई. तबल्याचे प्राथमिक धडेही मुलाने आजोळच्या नातलगाकडून घेतले होते, म्हणजे लयीची ओळख त्याला लहानपणीच झाली होती.

वडिलांनी शिकवले ते मेरुखंड. हा शब्द मला नवा होता. आपल्यापैकी अनेकांना असेल. कल्पना सोपी आहे. सा, रे, ग हे तीन स्वर घेतले तर त्यांची मांडणी सहा प्रकारे होते. चार स्वर घेतले तर चोवीस प्रकारे, पाच घेतले तर एकशेवीस आणि सातही स्वर घेतले तर ५०४० प्रकारे. गणिताच्या पुस्तकात हे क्रमचयाच्या धड्यात येते आणि परीक्षा झाली की आपण विसरून जातो. येथे ते गळ्यावर चढवायचे असते. रोज, वर्षानुवर्षे. स्वरांच्या या मांडणीचा विचार तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकरात केला आहे. आणि शार्ङ्गदेव तर आपल्या देवगिरीच्या यादवांच्या दरबारातील! म्हणजे ज्या विद्येने इंदूरच्या एका सारंगियाचा मुलगा मोठा झाला, तिचे एक मूळ आजच्या दौलताबादेपाशी सापडते. आमची सहल तेथे गेली होती तेव्हा आम्ही किल्ला पाहिला, तोफ पाहिली, भुयार पाहिले. शार्ङ्गदेवाचे नाव कोणाच्याच तोंडून निघाले नाही.

मेरुखंडाची एक अडचण आहे. ती ध्यानात घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. स्वरांच्या इतक्या मांडण्या गळ्यात असल्या आणि लय जलद असली तर त्या नुसत्या ताना होऊन भर्रकन निघून जातात. ऐकणाऱ्याला पाठांतराचा कंटाळा येतो. त्या मांडण्यांतून राग उभा राहायचा असेल तर प्रत्येक स्वरसंगतीच्या भोवती मोकळी जागा हवी. ही जागा कोठून आणायची, हा प्रश्न तरुण अमीर खाँपुढे असणार असे मला वाटते. त्याचे उत्तर मिळायला त्यांना बरीच वर्षे लागली आणि मधला काळ काही सुखाचा नव्हता.

१९३४ साली ते मुंबईस आले. वय बावीस. काही मैफली केल्या, ७८ फेऱ्यांच्या पाच-सहा तबकड्याही निघाल्या. त्यांचे स्वागत बेताचेच झाले. या तबकड्यांबद्दल एक हिशेब मी सहज करून पाहिला. त्या तबकडीच्या एका बाजूस तीन-सव्वातीन मिनिटांचे गाणे मावे. पुढे ज्या लयीत खाँसाहेब गाऊ लागले, त्या लयीत तेवढ्या वेळात झूमऱ्याची जेमतेम चार आवर्तने होतात. चार आवर्तनांत मारव्याचा षड्ज लागायचा की नाही याचीच शंका! म्हणजे त्या काळच्या यंत्रात त्यांचे खरे गाणे मावण्यासारखेच नव्हते. त्या वेळच्या मोठमोठ्या गवयांनी तीन मिनिटांत राग कोंबण्याची कला साधली होती. अमीर खाँ यांचे ते क्षेत्र नव्हते.

वडिलांच्या सल्ल्याने १९३६ साली ते रायगडच्या राजाच्या नोकरीत गेले. हे आपले शिवाजी महाराजांचे रायगड नव्हे. हे संस्थान मध्य प्रांताकडचे, आज छत्तीसगडमध्ये. तेथील राजे चक्रधर सिंह कथक नृत्याचे मोठे आश्रयदाते आणि स्वतः तबला-पखवाज वाजवणारे होते. राजेसाहेबांच्या वतीने अमीर खाँ यांना मिर्झापूर येथील संगीत परिषदेत गाण्यासाठी पाठवण्यात आले.

या मिर्झापूरपाशी मी वाचताना थांबलो. परिषदेला देशातील नामांकित कलावंत आलेले. चोवीस-पंचवीस वर्षांचा हा तरुण गायला बसला आणि पंधरा मिनिटांच्या आत श्रोत्यांनी हुल्लड करून त्याचे गाणे बंद पाडले. मिर्झापूर म्हणजे बनारसच्या शेजारचे गाव, ठुमरी-कजरीचा मुलूख. परिस्थिती सावरावी म्हणून संयोजकाने त्यांना सुचवले, की ख्याल राहू द्या, एखादी ठुमरी म्हणा. सूचना वाईट हेतूने केलेली नव्हती. ठुमरी म्हटली असती तर श्रोते शांत झाले असते, राजेसाहेबांची अब्रू राहिली असती, कदाचित वाहवाही मिळाली असती. अमीर खाँ यांनी नकार दिला. ठुमरीकडे आपल्या मनाचा कल कधीच नव्हता, एवढेच त्यांचे कारण होते. ते उठून आले.

त्या दिवशी त्यांनी कोणत्या लयीत गायला सुरुवात केली होती ते मला ठाऊक नाही. म्हणून श्रोते संथ लयीलाच कंटाळले असे मी म्हणणार नाही. पण एक योगायोग मनात घोळतो. ठुमरी बहुधा दीपचंदी तालात म्हणतात. दीपचंदीच्या मात्रा चौदा आणि खंड तीन-चार-तीन-चार असे. झूमऱ्याच्याही मात्रा चौदा आणि खंड तेच. मोजायला बसले तर ताल एकच. फरक ठेक्याच्या बोलांत, वजनात आणि चालीत आहे. त्याच चौदा मात्रांत एक वाट लोकांनी मागितली त्या बाजूला जात होती आणि दुसरी वाट त्यांच्या स्वतःच्या गाण्याकडे.

रायगडला ते सुमारे वर्षभरच राहिले. १९३७ साली वडील वारले. ज्यांनी मेरुखंड शिकवला आणि नोकरीची वाट दाखवली ते गेले. मुंबईत नाव झाले नव्हते आणि मिर्झापूरची हकीकत गवयांच्या वर्तुळात सर्वांना ठाऊक झालेली असणार. आपल्यापैकी कोणी अशा वेळी काय केले असते? मी बहुधा ठुमरी शिकलो असतो. खाँसाहेब दिल्ली आणि कलकत्ता येथे जाऊन राहिले, आणि आपल्या गाण्यास काय कमी पडते याचा शोध घेत बसले. या वर्षांतील तपशील पुस्तकांतून फार थोडे मिळतात. परंतु या काळानंतर जे गाणे समोर येते, त्यात तीन थोर माणसांची छाया सर्वजण मान्य करतात. देवासचे रजब अली खाँ यांच्या तानांची, भेंडीबाजारच्या अमान अली खाँ यांच्या मेरुखंड पद्धतीची आणि किराणा घराण्याच्या अब्दुल वहीद खाँ यांच्या विलंबित लयीची. अमान अली खाँ म्हणजे ज्यांच्याकडे लता मंगेशकर काही काळ शिकल्या ते. पण आपला विषय लयीचा आहे म्हणून वहीद खाँ यांच्याविषयी थोडे सांगितले पाहिजे.

अब्दुल वहीद खाँ यांना कमी ऐकू येई, म्हणून लोक त्यांना बहिरे वहीद खाँ म्हणत. मूळचे किराण्याचे. पण विद्या मिळवण्यासाठी ते लहान वयात आपल्या कोल्हापुरास आले आणि तेथे लंगडे हैदर बक्ष खाँ यांच्याकडे शिकले. त्यांचा राग अतिशय सावकाश उलगडे. एकेका स्वरावर ते थांबत, आणि त्याची सर्व नाती दाखवल्याशिवाय पुढच्या स्वराला हात लावत नसत. त्यांची ध्वनिमुद्रणे अगदी मोजकी उरली आहेत. १९४९ साली ते वारले. अमीर खाँ यांनी त्यांच्यासमोर बसून वर्षानुवर्षे तालीम घेतली असे झाले नाही. त्यांनी ते गाणे ऐकले आणि ऐकून आत्मसात केले. वडिलांनी दिलेल्या मेरुखंडाला जी मोकळी जागा हवी होती ती त्यांना वहीद खाँ यांच्या लयीत दिसली. मला या साऱ्या चरित्रातील ही सर्वांत महत्त्वाची घटना वाटते, आणि तिला तारीख नाही.

फाळणीनंतर खाँसाहेब पुन्हा मुंबईस आले आणि आता त्यांचे गाणे तेच होते जे आपण आज ऐकतो. सहा तारांचा तानपुरा, तबला आणि फार तर दबलेल्या आवाजाची पेटी. सारंगियाचा मुलगा असूनही सारंगी जवळजवळ नाहीच. डोळे मिटलेले, हातवारे नाहीत. आवाज खर्जाकडचा, भारदस्त. बडा ख्याल झूमऱ्यात किंवा एकतालात, लय अतिविलंबित. बोलआलापाने राग वाढत जातो, मध्येमध्ये मेरुखंडाच्या स्वरसंगती येतात, मग सरगम, मग ताना, आणि शेवटी छोटा ख्याल किंवा तराणा.

आता पुन्हा त्या लयीकडे येतो, कारण तबला वाजवणाऱ्याला तिच्यातच खरा रस असतो. लय कमी केली म्हणजे विलंबित होते असे मी समजत होतो. आठ दिवस झूमऱ्याचा ठेका घेऊन बसलो आणि ते किती खोटे आहे ते कळले. धीं, धा, तिरकिट. धीं धीं, धागे, तिरकिट. मग तसेच खालीचे. मध्यलयीत हा ठेका कोणीही वाजवील. पण एका मात्रेला तीन-साडेतीन सेकंद दिले की दोन बोलांमध्ये खड्डा पडतो आणि हाताला त्या खड्ड्याची भीती वाटते. म्हणून हात तो बुजवायला धावतो. जास्तीचे बोल भरतो किंवा पुढची मात्रा अलगद अलीकडे ओढतो. पहिले आवर्तन घड्याळात पन्नास सेकंदांचे भरले, दहावे छत्तीस सेकंदांचे! मला वाटत होते, मी एका लयीतच आहे. यावर उपाय एकच, प्रत्येक मात्रेचे मनात चार भाग करून ते चालते ठेवायचे आणि हाताने मात्र काही करायचे नाही. खाँसाहेबांना तबलजीकडून साधा ठेका हवा असे. ज्याला आपली तयारी दाखवायची आहे अशा वादकाला ती मोठी शिक्षा वाटत असेल. ती साथ ऐकताना माझे मत बदलले. तो वादक काहीच करत नाही असे वाटते, पण त्याच्यावाचून गाणे उभेच राहिले नसते.

लय केवढी धरायची हे गायक ठरवतो कसे? माझ्या मैत्रिणीने मला जे समजावले त्यात माझ्या ऐकण्याची भर घालून सांगतो. पहिली गोष्ट श्वासाची. पाऊण मिनिटाचे आवर्तन एका श्वासात म्हणता येणार नाही, म्हणजे आवर्तनाच्या आत दोन-तीनदा तरी थांबावेच लागते. हलक्या प्रतीच्या गाण्यात हे थांबणे दम लागल्यासारखे ऐकू येते. खाँसाहेबांच्या गाण्यात गायक गप्प झाला तरी तानपुऱ्यात तो स्वर चालूच असतो आणि आपण पुढच्याची वाट पाहत राहतो. दुसरी गोष्ट आवाजाची. खर्जातला स्वर भरायला वेळ लागतो. वरच्या पट्टीतल्या पातळ आवाजाला हीच लय कदाचित जड होईल. तिसरी आणि मुख्य गोष्ट रागाची. मारवा हा संध्याकाळचा राग, आणि त्यात षड्जाला फार विसावा द्यायचा नसतो. कोमल रिषभ आणि शुद्ध धैवत यांवर सगळा भार. षड्जावर येणे जितके लांबेल तितका राग खुलतो. लय जलद असेल तर हे लांबणे श्रोत्याला जाणवणारच नाही. खाँसाहेबांच्या लयीत ते असह्य होईपर्यंत जाणवते, आणि मग षड्ज लागतो तेव्हा आपल्याच घरी येऊन टेकल्यासारखे वाटते. दरबारीचे तसेच. त्यातला गंधार आंदोलित असतो, आणि आंदोलनाला वेळ हवा.

मग प्रत्येक राग याच लयीत गावा काय? खाँसाहेब तसे करत नव्हते, हे मला फार उशिरा ध्यानात आले. हंसध्वनी हा मुळात दक्षिणेचा, पाच स्वरांचा प्रसन्न राग. त्यांनी गायिलेला प्रसिद्ध हंसध्वनी अतिविलंबित नाही. तो त्रितालात चालता, खेळता आहे. १९५५ च्या झनक झनक पायल बाजे या व्ही. शांताराम यांच्या चित्रपटात वसंत देसाई यांनी त्यांच्याकडून शीर्षकगीत गाऊन घेतले ते अडाणा रागातले, आणि त्यात जोम व वेग दोन्ही आहेत. त्याआधी १९५२ साली नौशाद यांच्या संगीतातील बैजू बावरा आला होता. त्यात तानसेनासाठी अमीर खाँ आणि बैजूसाठी आपले द. वि. पलुसकर गायले. कथेप्रमाणे तानसेन हरतो. म्हणजे खाँसाहेबांनी पडद्यावर हरणाऱ्याचा आवाज दिला, आणि तोही पलुसकरांपेक्षा वयाने मोठे असताना. याचे त्यांना काही वाटल्याचे दिसत नाही. मिर्झापूरला ठुमरी नाकारणारा माणूस चित्रपटात मात्र गायला, यात विसंगती आहे असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. चित्रपटाला जे हवे ते त्यांनी चित्रपटात दिले; ख्यालाच्या मैफलीत ख्यालाऐवजी दुसरे काही दिले नाही.

१९६० साली त्यांची मारवा आणि दरबारी या रागांची दीर्घ तबकडी निघाली. एका बाजूला एक राग, वीस मिनिटांच्या वर. पंचवीस वर्षांपूर्वीच्या यंत्राला जे मावत नव्हते ते आता मावू लागले. ज्यांनी त्यांना कधी पाहिले नाही अशा किती जणांच्या घरी विलंबित झूमरा या तबकडीनेच पोचला असेल! मी ऐकला तो मारवाही तोच.

त्यांच्यावर टीका होई, आणि तीही सांगितली पाहिजे. वामनराव देशपांडे यांनी घरंदाज गायकी या पुस्तकात स्वर आणि लय या दोन टोकांच्या मध्ये घराण्यांना जागा दिल्या आहेत. आग्रा घराणे लयीच्या बाजूला, किराणा स्वराच्या बाजूला. ते वाचल्यावर खाँसाहेबांवरील आक्षेप नीट समजतात. लय इतकी खाली नेली की तालाचे अस्तित्व उरत नाही, सम आली काय नि गेली काय, असे लयप्रिय मंडळींना वाटे. शिवाय ते पुष्कळदा अंतरा गातच नसत आणि चिजेचे शब्द स्पष्ट ऐकू येत नसत. शेवटच्या दोन गोष्टी मला स्वतःला खटकतात. मराठी साहित्याचा विद्यार्थी असल्यामुळे असेल, पण शब्द असा विरघळून गेला की हातचे काही निसटल्यासारखे होते. अभंगात असे चालले नसते. पहिला आक्षेप मात्र मला पटत नाही. सम त्यांच्या गाण्यात जोराने आपटत नाही हे खरे, पण ती नसती तर तो मुखडा इतका सहज तिच्यावर उतरला नसता. शंका असेल त्याने माझ्यासारखे घड्याळ घेऊन बसावे.

मानसन्मान पुढे मिळाले. १९६७ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९७१ साली पद्मभूषण. पंडित अमरनाथ, सिंग बंधू असे शिष्य झाले. सतारवादक निखिल बॅनर्जी यांच्यासारख्या वादकांनीही त्यांच्या बढतीपासून पुष्कळ घेतले. ज्याच्या पाठीशी गवयांचे मोठे घराणे नव्हते त्याच्या गायकीला लोक इंदूर घराणे म्हणू लागले. १३ फेब्रुवारी १९७४ रोजी कलकत्त्यात मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. वय एकसष्ट. ज्याने आयुष्यभर कशाचीच घाई केली नाही त्याला एका वेगाने जाणाऱ्या वाहनाच्या अपघातात मरण यावे, हे वाचून मी पुस्तक मिटले आणि थोडा वेळ काहीच केले नाही.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा तो मारवा वडिलांना ऐकवला. त्यांनी प्रथम विचारले, की तबलजीला झोप लागली काय. मी गप्प राहिलो. ते अंगणात दोरी वळत बसले होते. चौथ्या-पाचव्या आवर्तनाला पाहतो तर दोरी थांबलेली, आणि उजव्या हाताची बोटे गुडघ्यावर मात्रा मोजत होती. पुढची सम त्यांच्या बोटांवर बरोबर आली. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही आणि मीही काही बोललो नाही. द्रुत सुरू झाल्यावर त्यांनी पुन्हा दोरी हातात घेतली, आणि या माणसाचे दुसरे काही असेल तर रात्री जेवणानंतर लाव, असे सांगितले. रात्री मी दरबारी लावला.

यंदाच्या निवड फेरीस अजून दीड महिना आहे. त्या मुलीने माझ्याबरोबर पुन्हा गायचे कबूल केले आहे, पण एका अटीवर. तालमीच्या खोलीतील घड्याळ तिने काढून कपाटात ठेवले आहे, आणि तिचा मुखडा संपल्याखेरीज मी डग्ग्याला हात लावायचा नाही.